शेर छाप मिरचीची वेबसाइट

लखन नेमकं काय काम करतो हे त्याच्या गावात कुणालाच धड माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं होतं, त्या त्याच्या वडिलांनी, गिरधरभाईंनी, तर ते माहीत करून घ्यायचंच नाही असं ठरवून टाकलेलं. तापीकाठी त्यांची केळी, कापूस, थोडा ऊस. पंपाचा नुसता आवाज ऐकून त्याला काय झालंय ते सांगणारा माणूस. पण पोराच्या कामाला ना आवाज, ना वास, ना कुठं ढीग पडलेला दिसतो. मग बाजारात कुणी विचारलं, "लखन काय करस?", की गिरधरभाई घसा खाकरून म्हणायचे, "नंदुरबारले ऱ्हास." जणू नंदुरबारला राहणं हीच नोकरी, आणि तीही पेन्शनवाली.

सुरुवातीला लखननं एकदा समजावून बघितलं होतं. म्हणाला, मी फ्रीलान्सर आहे, लोकांच्या वेबसाइट बनवतो. गावानं त्यातलं 'फ्री' तेवढं उचललं. पुढच्याच आठवड्यापासून त्याच्या खोलीवर प्रिंटर यायला लागले, सेट-टॉप बॉक्स यायला लागले, एकानं तर बंद पडलेला मिक्सर आणला. गिरधरचा पोरगा फ्रीमध्ये करून देतो म्हणे. लखन मिक्सरही उघडून बघायचा, कारण नाही म्हणायची विद्या त्याला कुठल्या कोर्सात शिकवलेली नव्हती.

खोली मिरची बाजारापाशी, एका सायकल दुकानाच्या वर. कोचिंग क्लास, दातांचे डॉक्टर, बोअरवेलवाले ही त्याची गिऱ्हाइकं. आणि या सगळ्यांना हवा असायचा एकच फोटो: कोटातले दोन गोरे साहेब हसत हसत हात मिळवतायत. बोअरवेलवाल्यालाही तोच. लखननं त्याला विचारलं, भाऊ, यांच्यापैकी बोअर कोण मारणार? तर तो रागावला. म्हणाला, बाकीच्यांना लावून दिला, मलाच का नाही?

आता रोज असे हात मिळवून मिळवून माणसाचा जीव आंबतो. म्हणून लखन स्वतःसाठी काहीबाही करत बसायचा. आडत दुकानांतल्या दिवाणजींचे चेहरे काढायचा, चालणाऱ्या मिरच्या काढायचा. त्याची सगळ्यात नामी चीज म्हणजे धडगावची जीप. इंटरनेटवर त्यानं एक पान बनवलं होतं: घाटात उभी असलेली जीप. तिच्यावर बोट दाबलं की एक माणूस येऊन बसतो. पुन्हा दाबलं की आणखी एक. कुणी टपावर, कुणी बोनेटवर, कुणी कोंबडी घेऊन, आणि ड्रायव्हर दाराबाहेर लोंबकळून स्टिअरिंग धरतो. जीप काही भरत नाही. कितीही दाबा, एक जण बसतोच. मित्रांनी कौतुक केलं, आणि लगेच विचारलं, पण याचा उपयोग काय?

उपयोगाचं काम कुठलं, ते गिरधरभाईंनी ठरवून ठेवलं होतं. सुरतेला लखनचा मेहुणा, त्याची साड्या ऑनलाइन विकायची कंपनी. तिथं लखनसाठी एक खुर्ची तयार होती. साडीच्या फोटोवर 'सवलतीचा शेवटचा दिवस' असं लिहायचं. रोज. वर्षभर रोज शेवटचा दिवस. त्या खुर्चीचं नाव निघालं की लखन उठून बाहेर जायचा. पण वडिलांशी किती भांडणार? शेवटी बापलेकात ठरलं. लखनच्या हातात एक मोठं काम होतं, मिरचीवाल्या रतनलालशेठचं. त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होता, शेठनं गिरधरभाईंनाही बोलावलं होतं. त्यांनी यावं, आपल्या डोळ्यांनी बघावं. त्यांना ते काम वाटलं तर लखन इथंच राहील. नाही वाटलं तर मुकाट्यानं सुरतेची गाडी धरेल.

हे काम लखनला मिळालं तेही त्या जीपमुळंच. रतनलालशेठ म्हणजे मिरची बाजारातला वजनदार माणूस. आजोबा राजस्थानातून आलेले, घरात अजून मारवाडी, पण मिरची वाळवायच्या पथारीवर शेठ तोंड उघडायचे ते अहिराणीतच. त्यांना कुणीतरी मोबाइलवर ती जीप दाखवली. शेठ हिशेबी. भरते कधी ते बघू म्हणून दाबत बसले. दुपारचं जेवण राहिलं, दुकानातली माणसं खोळंबली. मग त्यांनी लखनलाच बोलावून घेतलं.

"कधय भरस रे हाई जीप?"

"शेठ, धडगावनी जीप शे," लखन म्हणाला. "ती भरस नही."

शेठ इतके हसले की उपरण्यानं डोळे पुसावे लागले. त्यांची मिरची पूड बाजारात यायची होती, नाव 'शेर छाप'. म्हणाले, मन्ही वेबसाइट तूच कर, तुले जशी कराणी तशी कर.

तुला करायची तशी कर. हे वाक्य लखननं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तो पथारीवर जाऊन बसला. शेठ बोलायचे, तो जसंच्या तसं उतरवून घ्यायचा. 'मी रतनलालशेठ. मन्ही मिरची शेणखतवर वाढेल शे. शेतकरी मन्हा देव शे. शेर छाप मिरची विशेष तिखट शे. कान लाल व्हतीन, मंग माले सांगू नका.' मधोमध लखननं हातानं काढलेला शेर. लाल मिरच्यांच्या ढिगावर पाय पसरून, दुपारच्या वेळी आडत्या बसतो तसा बसलेला. त्याच्यावर बोट दाबलं की तो आधी नाक फेंदारतो, थांबतो, येते की नाही असं वाटतं, आणि मग सगळी आयाळ उडेल अशी शिंकतो. शेठनं बघितलं आणि म्हणाले, "मिरचीना शेर शिंकी नही ते काय करी?" लखन त्या दिवशी खोलीवर गेला तो शीळ घालतच.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग शेठचा मुलगा अरिहंत पुण्याहून आला.

अरिहंत वाईट नव्हता, उगाच नाव ठेवू नये. लहानपणापासून बाहेर, इंग्रजी शाळेत, मग पुण्यात मॅनेजमेंट शिकलेला. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यानं साइट बघितली आणि लखनला बाजूला घेतलं.

"लखनभाऊ, डिझाइन एक नंबर आहे. पण ही भाषा? पुण्यातल्या सोसायटीत हे कोण वाचणार? जरा प्रीमियम वाटायला पाहिजे ना. शुद्ध मराठी करून टाका."

"शेठनं सांगेल शे," लखन म्हणाला, आणि लगेच भाषा बदलून, "म्हणजे, शेठनीच असं सांगितलंय."

"पापा पाहुण्यांना आणायला गेलेत. त्यांना मी समजावतो. आणि हा शेर शिंकतोय का? ब्रँडचा शेर डरकाळी फोडतो." त्यानं मोबाइलवरून एक सिंह पाठवला. कॉम्प्युटरकडून बनवून घेतलेला. मागं आग, पुढं दात, अंगावर पैलवानासारखे स्नायू. पुढच्या पंजाला बोटं किती आहेत ते मोजायला लखन थांबला, आणि मग मोजणं सोडून दिलं.

नाही म्हणायची विद्या इथंही आडवी आली. "करतो," लखन म्हणाला, आणि खोलीवर येऊन एकटाच स्वतःवर चिडत बसला. वडील बघणार ते काय, तर कुणाची तरी भाषा आणि कुणाचा तरी सिंह. यापेक्षा त्या दोन गोऱ्या साहेबांनी हात मिळवलेले काय वाईट?

चिडलेल्या माणसानं कॉम्प्युटरला हात लावू नये. त्यात एक सोय असते: अमुक शब्द शोध, असेल तिथून काढ, तिथं तमुक टाक. एक बटन दाबायचं की झालं. लखननं 'मन्हा' काढून 'माझा' टाकलं. 'माले' काढून 'मला'. किरकोळ शब्द असेच भराभर उडवले. राहिलं ते 'शे'. ओळीओळीला होतं ते. लखननं शोधायच्या रकान्यात 'शे' लिहिलं, टाकायच्या रकान्यात 'आहे' लिहिलं, आणि "घ्या म्हणावं तुमचं आहे" असं म्हणत बटन दाबलं. सिंह चिकटवला, साइट चढवली, लॅपटॉप मिटला. वाचून बघायची त्याला इच्छाच झाली नाही. बघवत नव्हतं, हे खरं कारण.

कार्यक्रम शेठच्या नव्या दळणयंत्राच्या आवारात. मांडव, गुलाबपाणी, आणि लग्नात लावतात तो भलामोठा पडदा. पडदेवाल्यानं आदल्या लग्नाची बदामाची चित्रं काढायला जरा वेळ लावला, तेवढ्यात लोक स्थिरस्थावर झाले. पुढं व्यापारी, मागं मिरची पिकवणारी माणसं, तिसऱ्या रांगेत कडेला गिरधरभाई, धुतलेल्या टोपीत, गुडघ्यांवर हात ठेवून. लखन पडद्यापाशी वायरी सांभाळत उभा. मांडवात शेर छापचं पहिलं पोतं फोडलेलं, त्यामुळं सगळेच मधूनमधून खोकत होते.

शेठनी नारळ फोडला. अरिहंतनं माइक घेतला आणि पडद्यावर वेबसाइट उघडली. डरकाळी फोडणारा सिंह आला. टाळ्या पडल्या. मग तो वाचायला लागला. आता अरिहंतचं मराठी वाचन म्हणजे अक्षरं आधी तोंडातून बाहेर पडायची आणि अर्थ मागून चालत यायचा.

"नमस्कार. मी रतनलाल आहेठ."

पुढच्या रांगेतल्यांना वाटलं माइक खराब आहे. लखनच्या हातातली वायर खाली पडली.

"माझी मिरची आहेणखतावर वाढलेली आहे. आहेतकरी माझा देव आहे."

"काय करी?" मागून कुणीतरी विचारलं. तिकडं 'करी' म्हणजे 'करेल'. त्यामुळं आहेत ते नेमकं काय करतील, हा प्रश्न रास्तच होता. एका कोपऱ्यातून खुसखुस सुरू झाली. लखननं पडद्याकडं बघितलं आणि त्याला एका क्षणात सगळं कळलं. कॉम्प्युटरला शब्द कळत नाही, अक्षरं कळतात. त्यानं सांगितल्याप्रमाणे प्रत्येक 'शे' काढला होता. शेठमधला, शेतकऱ्यातला, शेणखतातला. लखन हातानं खुणा करत होता, पण अरिहंतला वाटलं तो हुरूप देतोय. त्यानं आवाज चढवला.

"आणि म्हणूनच सादर आहे, विआहेष तिखट, आहेर छाप मिरची."

"लगीन कोनं शे?" मागून आवाज आला, आणि मांडव फुटला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसले. नेमक्या त्याच वेळी पडदेवाल्याच्या हाताखाली काय आलं देव जाणे, पडद्यावर चार बदाम तरंगून गेले. एक म्हातारबाबा शेजारणीला विचारत होते, आहेर आणायचा होता का, पत्रिकेत ते लिहिलं नव्हतं.

लखनला लाज वाटली. साधीसुधी नाही, कान तापवणारी. गिरधरभाई हसत नव्हते. ते टोपी हातात घेऊन बसले होते, आणि लखनला ठाऊक होतं की वडील टोपी काढतात ते एक तर देवळात, नाहीतर पीक गेल्यावर. सुरतेची गाडी त्याला डोळ्यांपुढं लागलेली दिसली. मेहुणा, खुर्ची, शेवटचा दिवस.

"लखनभाऊ, हे काय आहे?" अरिहंतनं माइकमधूनच विचारलं, त्यामुळं सगळ्या माना लखनकडं वळल्या.

तेवढ्यात रतनलालशेठ उठले. सावकाश आले, मुलाच्या हातातला माइक घेतला.

"लखन, हाई काय शे?"

"शेठ," लखन म्हणाला, आणि आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं, "मी 'शे' काढं आनि 'आहे' टाकं. कॉम्प्युटरनी बठा 'शे' काढी टाकात. तुमना नावमधला बी."

"मुद्दाम कया का?"

मुद्दाम म्हटलं तर हरामी ठरणार, चुकून म्हटलं तर येडा. गावात पुढची पन्नास वर्षं कुठलं नाव चालवायचं तेवढंच ठरायचं बाकी होतं. लखननं खरं तेच सांगितलं. "चुकीसन झायं, शेठ. संतापमां व्हतू. वाचीसन देखं नही."

"पापा, मीच सांगितलं त्यांना," अरिहंत म्हणाला. त्याचंही तोंड मिरचीसारखं झालं होतं. "शुद्ध करा म्हणून."

शेठ वळले. पडद्याकडं बघत राहिले. व्यापारी माणूस बोली लावण्याआधी माल बघतो, तसं त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. मग माइक तोंडाशी आणला.

"मन्हा आज्जा राजस्थानथून आठे उना. आठली बोली त्याले येत नव्हती. एकच शब्द शिकना. लोके ईचारेत, मिरची शे का? तो म्हणे, शे. तराजू शे का? शे. उद्या दुकान शे का? शे. तेवढावर आमनं दुकान उभं ऱ्हायनं." त्यांनी मांडवावरून नजर फिरवली. "मन्हा घरनी बोली नही ती. पन मन्हा दुकाननी शे. आनि आते देखा गंमत. 'शे' काढा ते शेठ गया, शेर गया, शेतकरी बी गया. मंग ऱ्हायनं काय?"

"आहेर ऱ्हायना, शेठ," मागचा तोच आवाज म्हणाला.

आता शेठच हसायला लागले. हसता हसता खोकायला लागले, खोकता खोकता खुर्चीला टेकले. "परत टाक," ते लखनला म्हणाले. "आते. बठासना समोर. आनि तो दातवाला काढी टाक, मन्हा शेर आन."

लखन लॅपटॉप घेऊन बसला. तो जे करत होता ते सगळं त्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. शोध: आहे. टाक: शे. बटन दाबण्याआधी या खेपेला त्यानं दोनदा बघितलं. पडद्यावरचे सगळे 'आहे' पिवळे झाले आणि टपाटप बदलले. 'आहेठ'चा शेठ झाला, तशी माणसं मोठ्यानं वाचायला लागली. शेतकरी परत आला तेव्हा मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे शब्द लखननं एकेक करून हातानं लिहिले, आणि एखादा चुकला तर दहा जण ओरडून सांगत होते. त्याच्या आयुष्यात त्याचं काम इतक्या लोकांनी कधी बघितलं नव्हतं, आणि इतक्या लोकांनी कधी दुरुस्तही केलं नव्हतं. शेवटी मिरच्यांच्या ढिगावरचा त्याचा शेर आला. अरिहंतनंच पुढं होऊन त्याच्यावर बोट दाबलं. तो शिंकला, आणि माणसं पुन्हा हसली, पण हे हसणं वेगळं होतं. लखननं मान खाली घालून वायर उचलली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मिरचीचं आहे असं सगळ्यांना वाटलेलं बरं.

शेठ मात्र व्यापारीच. त्यांनी जाता जाता लखनचा खांदा धरला. "तो 'आहेर' फेकू नको. लगीनसराईले आहेर छाप डबा काढूत. शेरले फेटा बांध." अरिहंतनं मोबाइल काढला आणि ते लगेच लिहून घेतलं. कुणी मान्य करो न करो, पुण्याच्या शिक्षणात ही कल्पना बसत होती.

माणसं जेवायला उठू लागली. दोंडाईच्याचा एक व्यापारी, गिरधरभाईंच्याच रांगेतला, पडद्याकडं बोट करून इकडंतिकडं विचारत होता. आमच्या कापसाच्या जिनिंगसाठी असंच काहीतरी पाहिजे म्हणत होता, शिंकणारं नको, पण असंच. याला कुणी ओळखता का, हाऊ पोऱ्या कोना शे?

लखन वायर गुंडाळता गुंडाळता थांबला. गिरधरभाई बसले होते. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली, आणि खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"मन्हा शे," ते म्हणाले. आणि त्या माणसानं विचारलेलं नसताना पुढं म्हणाले, "तो सुरतले बिरतले जास नही."

मग ते खाली बसले. पण मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल असं त्यांना वाटलं असावं, कारण ते परत उभे राहिले.